सोमणकाकांचे तीन साक्षीदार

सोमणकाकांची आणि माझी ओळख झाली तेव्हा त्यांनी माझं मनगट पकडलं होतं, आणि त्यांच्या तोंडून निघालेला पहिला शब्द होता, "थुंका."

मी थुंकलो. अनोळखी माणूस इतक्या अधिकाराने सांगतोय म्हटल्यावर माणूस आधी थुंकतो आणि मग विचार करतो.

झालं होतं असं, की आम्ही नुकतेच कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरात राहायला आलो होतो. रविवारी सकाळी तळ्यामागच्या पायवाटेने फिरताना मला एक काटेरी जाळी दिसली. जाळीला काळीभोर फळं लगडलेली. मी चिंचवडचा माणूस, अशा वेळी मला आवरत नाही. "आयला, करवंदं!" असं मी त्या निर्मनुष्य पायवाटेवर ओरडलो आणि एक फळ तोंडात टाकलं. पायवाट निर्मनुष्य नव्हती. जाळीच्या पलीकडे घडीच्या स्टुलावर, गमबूट घालून, भिंग हातात धरून एक साठीचे गृहस्थ बसले होते.

"करवंदं नाहीत ही," मी थुंकल्यावर ते म्हणाले. "ब्लॅकबेरी आहेत. आणि ब्लॅकबेरीच आहेत, हे तरी कशावरून? पान पाहिलंत? काटा पाहिलात? फवारणीची पाटी आहे का पाहिलंत?"

"नाही, पण दिसतायत की चांगल्या."

"किती टक्के खात्री?"

"नव्वद?"

"शंभर टक्के नाही म्हणजे शून्य टक्के," ते म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटं त्यांनी एका ब्लॅकबेरीची चौकशी केली. पान उलटं करून पाहिलं. फळ पांढऱ्या रुमालावर चोळून पाहिलं, कारण इथे ब्लॅकबेरी हे तण समजतात, त्यावर विष फवारतात आणि ओळखायला त्यात रंग घालतात. शेवटी ते फळ माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "आता खा." तोवर ब्लॅकबेरी सुरक्षित होती, पण माझी भूक वारली होती.

अरविंद सोमण मूळचे महाडचे. तीस वर्षांपूर्वी कॅनबेराला आले, आणि कुठल्याशा सरकारी खात्यात जोखीम विभागात चिकटले. म्हणजे दुसरे लोक काम करायचे आणि त्यात काय काय बिघडू शकेल याचे तक्ते हे करायचे. असल्या कामाला पगार मिळतो हे कळल्यावर मला सरकारबद्दल वाटणारा आदर संपला. निवृत्त झाल्यावर तक्ते करायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी रानफळं धरली. रानफळांनी त्यांचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

मी चिंचवडचा आणि अडतीस वर्षांचा आहे हे कळताच त्यांनी मला "तू" म्हणायला सुरुवात केली आणि पुढच्या शनिवारी सातला तयार राहायला सांगितलं. नाही म्हणायचं कसं हे मला चिंचवडला कुणी शिकवलं नाही.

त्यांची मोहीम घरातून निघत नसे, फोनवरून निघत असे. आधी सरकारी हेल्पलाइनला फोन. अमुक ओढ्याच्या काठी फवारणी कधी झाली, कशाची झाली, पुढची कधी. पलीकडची बाई त्यांचा आवाज ऐकून, "हाय अरविंद, हाऊ वॉज युअर वीक?" म्हणायची आणि काका तिला आठवडा सांगायचे. आठवड्यात काही घडलेलं नसायचं, तेही सविस्तर सांगायचे. मी गाडीत हातावर हात चोळत बसायचो. गौरीला, म्हणजे माझ्या बायकोला, मी म्हणालो होतो, "या माणसाची सगळ्यात जुनी मैत्री हेल्पलाइनशी आहे." या विनोदावर मी स्वतःच खूप हसलो होतो.

मे महिन्यात, म्हणजे इथल्या थंडीच्या तोंडावर, उणे दोन तापमानात, त्यांनी मला डोंगराच्या पायथ्याशी नेलं. गवतावर पांढरंफट्ट दहिवर, नाकाचा शेंडा गेल्यात जमा. का, तर रानगुलाबाची फळं गारठा पडल्यावरच गोड होतात. "मग बाजारात द्राक्षं गारठ्याशिवाय गोड मिळतात, ती घेऊ या ना काका," मी म्हणालो. त्यांनी लक्ष दिलं नाही. लॅमिनेट केलेले तक्ते काढले. उन्हाळ्याचा वेगळा, शिशिराचा वेगळा.

"हे हॉथॉर्न," एका लाल फळांच्या झुडपापाशी थांबून ते म्हणाले. "खाण्याजोगं. बी गिळायची नाही, चावायची तर मुळीच नाही. आता साक्षीदार तपास. एक, काटा. हा बघ, बोटभर. दोन, पान. कातरलेलं, शिंप्याने झालर लावल्यासारखं. तीन, फळ. तीनही साक्षीदार एकच बोलले पाहिजेत. एक जरी फितूर झाला..."

"तर केस खारीज," मी कंटाळून म्हणालो.

"तर हॉस्पिटल," ते म्हणाले.

तीन तासांत आम्ही मूठभर फळं गोळा केली. माझ्या पायाची बोटं रविवारी दुपारी परत आली.

या फळांचा ते जॅम करत. बाटलीवर चिठ्ठी असे: फळाचं नाव, ठिकाण, तोडल्याची तारीख, त्या दिवशीचं तापमान, फवारणी नाही, तपासणारे अ. सोमण. इतका मजकूर वाचल्यावर जॅम खायची हिंमत कुणाचीच होत नसे. गुंगालिनमधली मराठी घरं तो घेत, आभार मानत आणि पुढे सरकवत. आम्हाला मिळालेली बाटली मी वाढदिवसाची भेट म्हणून एकांना दिली, त्यांनी ती दुसऱ्यांना दिली, आणि दिवाळीच्या पार्टीत कुणीतरी ती रंगीत कागदात गुंडाळून थेट सोमणकाकांच्याच हातात ठेवली. मी फ्रिजमागे जाता येतं का ते पाहत होतो. काकांनी बाटली उजेडात धरली, झाकण चाचपलं आणि समाधानाने म्हणाले, "दोन वर्षं झाली. सील बघा कसं घट्ट आहे."

असा हा माणूस. त्यामुळे आमच्या लेकीचं, रेवाचं, बोरन्हाण ठरलं तेव्हा मी गौरीला सांगून टाकलं, "सगळ्यांना बोलव. सोमणकाकांना नको."

"का रे? बिचारे एकटे असतात."

"एकटे आहेत कारण ते तसे आहेत. पोरांच्या डोक्यावर लाह्या ओतायच्या आधी ते लाह्यांची चौकशी करतील."

गौरीने यादी लिहिली. नाव यादीत आलं नाही.

आता बोरन्हाण म्हणजे संक्रांतीनंतर, रथसप्तमीपर्यंत. लहान मुलाला काळे कपडे, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, लाह्या, उसाचे करवे ओतायचे, की बाकीची पोरं त्यावर तुटून पडतात. पण कॅनबेरात सण पंचांगावर नसतात, हॉलच्या बुकिंगवर असतात. हॉल मिळाला मार्चच्या लाँग वीकेंडला, तेव्हा आमची संक्रांत मार्चमध्ये आली. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. गौरीला वाटलं ते बोरांचं.

"आदल्या वर्षी इथे एकांकडे बोरांऐवजी मार्शमेलो ओतले," ती म्हणाली. "ब्लूबेरी ओतल्या की डाग पडतात. रेवाचं एकदाच होणार आहे हे. पुढच्या वर्षी ती पाटावर बसायची नाही. आई व्हिडिओवर बघणार आहे. बोरं नाहीत तर बोरन्हाण कसलं?"

रेवा तेव्हा तीन वर्षांची व्हायची होती. गौरीचे डोळे जरा भरले. आणि मी, ज्याने घरात आजवर एक नळ दुरुस्त केलेला नाही, छाती पुढे काढून म्हणालो, "बोरांची व्यवस्था मी करतो."

बोरं इथे मिळत नाहीत. पण लाल, टपोरी, बोरासारखी दिसणारी हॉथॉर्नची फळं मिळतात, हे मला उणे दोन तापमानात शिकवण्यात आलं होतं. कार्यक्रमाच्याच दिवशी, शनिवारी सकाळी लवकर मी पिशवी घेऊन एकटा गेलो. तळ्याकाठी लाल फळांची झुडपंच झुडपं. नशीब एवढं जोरावर, की मला बिनकाट्यांचं झुडूप सापडलं. बोटं न टोचता अर्ध्या तासात पिशवी भरली. सोमणकाकांना हे झाड कधी सापडलं नाही याचं मला इतकं बरं वाटलं, की मी फांदीसकट फोटो काढला आणि मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला: "रेवाच्या बोरन्हाणासाठी गुंगालिनची खास बोरं! शंभर टक्के नैसर्गिक!"

तुम्ही हुशार असाल तर तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. हॉथॉर्नला काटे असतात. मी तोडून आणलं ते कोटोनिअ‍ॅस्टर. लाल, सुंदर आणि पोटात गेलं तर उलट्या करवणारं. आणि बोरन्हाणात पोरं फळं वेचतात ती काही संग्रहालयात ठेवायला नव्हे.

दहा वाजल्यापासून माझ्या फोनवर सोमणकाकांचे फोन येऊ लागले. पहिला मी उचलणार होतो, पण हॉलमध्ये फुगे लावत होतो. दुसऱ्याला वाटलं, बोलावलं नाही म्हणून रागावले असतील. तिसऱ्याला वाटलं, फवारणीवर भाषण असणार. चौथ्याला मी फोन सायलेंट करून गौरीच्या पर्समध्ये टाकला.

साडेअकराला रेवाला पाटावर बसवलं. काळं परकर-पोलकं, गळ्यात हलव्याचा हार, कपाळावर मुकुट. फोनच्या स्टँडवर पुण्याहून सासूबाई, डोळ्याला पदर लावून. पोरं भोवती मांजरांसारखी दबा धरून. गौरीने पातेलं उचललं आणि रेवाच्या डोक्यावरून लाह्या, करवे आणि माझी लालचुटुक बोरं धो धो ओतली. रेवा खिदळली. पोरं तुटून पडली. मी हात बांधून उभा होतो, असा, जसा काही मीच बोरांचा शोध लावला आहे.

तेवढ्यात दार उघडलं आणि गमबूट आत आले.

"कुणी खाऊ नका!" सोमणकाका ओरडले. "फेका! सगळ्यांनी फेका!"

आणि ते थेट जमिनीवर. गुडघ्यांवर, दोन्ही हातांनी, लाह्यांतून लाल फळं वेचू लागले. पोरांना वाटलं, हेही स्पर्धक.

"कोण आहेत हे?" कुणीतरी विचारलं.

"जॅमवाले काका," कुणीतरी हळूच सांगितलं, आणि दोघीतिघी हसल्या.

एका पाच वर्षांच्या पठ्ठ्याच्या मुठीत सात-आठ फळं होती. काकांनी हात पुढे केला. "गिव्ह इट टू मी, बेटा."

"नो! इट्स माइन! आय गॉट देम फर्स्ट!"

काकांनी खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या काढल्या, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेली. "स्वॉप?" सौदा झाला. त्यावर सगळ्या पोरांची रांग लागली. मी मात्र लाजेने लाल झालो होतो. आपल्या घरच्या कार्यात हा तमाशा! मी वाकून दातांतल्या दातांत म्हणालो, "काका, पुरे ना आता. हॉथॉर्नच आहेत."

त्यांनी वर न बघता विचारलं, "काटा कुठे आहे?"

"काटे नव्हतेच. म्हणून तर ते झाड निवडलं."

आणि हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडत असताना मलाच ऐकू आलं.

"पानाला झालर?" काका म्हणाले. "फोटो मोठा करून पाहिला मी. पान सरळ. तीनपैकी दोन साक्षीदार फितूर, निखिल. रेवा कुठे आहे?"

रेवा पाटावरच होती. तिचा गाल फुगलेला होता आणि ती काहीतरी चघळत होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. काकांची तर्जनी तिच्या तोंडात. बाहेर आलेलं अर्धं लाल फळ. गौरीने माझ्याकडे पाहिलं ते. व्हिडिओवर सासूबाई, "काय झालं, काय झालं" म्हणत होत्या आणि मी, ज्याने हे सगळं केलं होतं, पाण्याचा पेला हातात धरून तो कुणाला द्यायचा ते विसरलो होतो.

विषबाधेच्या हेल्पलाइनचा नंबर हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हता. काकांना पाठ होता. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. फळाचं नाव, मुलीचं वय, अंदाजे वजन, तोंडातून अर्धं काढलंय, उरलेलं अर्धं बहुधा गिळलंय, त्याआधी एखादं गेलं असल्यास माहीत नाही, वेळ अकरा सदतीस. एक शब्द वाया गेला नाही. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, एवढ्याने सहसा पोट बिघडतं, फार काही होत नाही. तोंड धुवा, पाणी पाजा, संध्याकाळी सातपर्यंत कुणीतरी सतत लक्ष ठेवा, उलट्या थांबेनात किंवा सुस्त वाटली तर लगेच हॉस्पिटल. मग तिने नोंदीसाठी विचारलं,

"अँड यू आर द ग्रँडफादर?"

सोमणकाका अडले. या माणसाला सरकारी प्रश्नावर अडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. फवारणीच्या औषधाचं नाव ते स्पेलिंगसकट सांगतात.

"नो," ते म्हणाले. "आय अ‍ॅम... आय लिव्ह इन द नेक्स्ट सबर्ब."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

घरी आलो तेव्हा काका मागोमाग त्यांच्या गाडीने आले. मी त्यांना 'या' म्हणालो नव्हतो. नका येऊ म्हणायची आता माझी लायकी नव्हती. दारात गमबूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. सोफ्याच्या कडेवर, परीक्षेला बसल्यासारखे बसले, खिशातून छोटी वही आणि टक्‌टक् दाबायचं पेन काढलं आणि दर पंधरा मिनिटांनी लिहू लागले. चहा देताना मी वाकून वाचलं.

"१.१५ – पाणी प्यायली. १.३० – हसली. १.४५ – मला एलिफंट म्हणाली. २.०० – एलिफंट व्हावं लागलं."

तीनच्या सुमारास रेवाला एकदा उलटी झाली. गौरी गाडीची किल्ली शोधू लागली. काकांनी उलटी पाहिली, अगदी भिंग काढून पाहिली, आणि म्हणाले, "लाल साल आहे. निघालं ते. चांगलं झालं." त्यानंतर रेवाने दहीभात खाल्ला आणि एलिफंटला उठाबशा काढायला लावल्या. तेव्हा कुठे मी खाली बसलो.

"काका," मी म्हणालो, "सकाळी फोन सायलेंटवर होता. दिसलाच नाही मला."

"हो," ते वहीत बघत म्हणाले. "असतो."

एवढंच. बोलावलं का नाही, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तिथेही काहीतरी बनवून सांगितलं असतं. मला ती सवय आहे.

सात वाजले. सासूबाईंना फोन करून झालं, ठीक आहे म्हणून सांगून झालं. वहीतली शेवटची नोंद झाली, खाली आडवी रेघ मारून झाली. रेवा काकांच्या मांडीवर चढून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून पडली होती. सव्वासात. साडेसात. बाहेर अंधारून आलं, घरात दिवे लागले. काका घड्याळाकडे बघत होते आणि उठत नव्हते. आता त्यांनी थांबायला कुठलंच कारण नव्हतं. तेही त्यांना माहीत होतं, कारण नियम त्यांनीच लिहून घेतला होता.

मी समोर जाऊन उभा राहिलो. काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"निघालोच होतो मी," ते कुजबुजले. "पण ही झोपलीय. आत्ता उचलली तर जागी होईल."

मी रेवाकडे पाहिलं. तिचे डोळे टक्क उघडे होते. काकांचं पेन तिच्या हातात होतं आणि ती ते त्यांच्या कानाजवळ एकसारखं दाबत होती, टक्‌टक्, टक्‌टक्.

स्वयंपाकघरातून गौरी बाहेर डोकावली, तिने आम्हा तिघांकडे पाहिलं आणि पुन्हा आत जाऊन कुकरमध्ये आणखी एक वाटी तांदूळ घातले.

"हो काका," मी म्हणालो. "अगदी गाढ झोपलीय. हलू नका."